घरच्या हाय-फाय संचासाठीं संगीतसेवेची निवड

गाण्याची आवड नाहीं असें घर आमच्या भागांत शोधूं गेल्यास सांपडणें कठीण. भाताची कापणी आटोपून दिवाळी सरली कीं वडसा, ब्रह्मपुरी, सिंदेवाही, आरमोरी ह्या बाजूच्या गांवोगांवीं झाडीपट्टीच्या नाटकांचे मांडव पडूं लागतात, आणि शिमग्यापर्यंत रात्र रात्र पेटी-तबल्याचा आवाज थंडींत ऐकूं येतो. भामरागड-एटापल्लीकडील माडिया बांधवांचा रेला हातांत हात गुंफून पहाटेपर्यंत चालतो. अशा प्रदेशांतील माणसास गाणें कसें ऐकावें हें शिकविण्याचें कारण नाहीं. परंतु गाणें घरीं आणण्याचें साधन मात्र गेल्या दहा-पंधरा वर्षांत पार पालटलें आहे, आणि त्याविषयीं पुष्कळांच्या मनांत घोंटाळा दिसतो. तो कांहीं अंशीं दूर व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच.

लिहिण्यास निमित्त घरगुतीच घडलें. गत वर्षीं आमच्या वडील बंधूंनीं चंद्रपूरच्या घरीं एक ॲम्प्लिफायर व दोन मोठे स्पीकर आणले. संच मांडून झाला, तारा जोडून झाल्या, आणि आतां त्यांत गाणें कोठून आणावें असा प्रश्न उभा राहिला. स्ट्रीमिंगची, म्हणजे इंटरनेटवरून गाणें वाहतें घेऊन ऐकविणारी, कोणती सेवा वर्गणी भरून घ्यावी ह्यावर घरांत दोन दिवस वाद चालला. बंधूंस आवाजाचा दर्जा हवा, वहिनींस नाट्यगीतें हवीं, मुलांस नवीं चित्रपटगीतें हवीं. आरमोरीकडील गांवीं तरुणपणीं दंडारींत उभे राहणारे आमचे आजोबा हें सारें ऐकत ओट्यावर बसले होते. त्यांनीं एवढेंच विचारलें, "का गा बाबू, आमच्या दंडारीचा गाना याच्यात भेटते का?" त्या वेळीं आम्ही हंसलों. पुढें मात्र त्यांचाच प्रश्न सर्वांत मोलाचा ठरला. तो कसा, हें क्रमानें सांगतों.

प्रथम ही सेवा म्हणजे काय तें नीट समजून घेतलें पाहिजे. भारतांत ध्वनिमुद्रण १९०२ सालीं कलकत्त्यास व्यापारी स्वरूपांत सुरू झालें. त्यानंतर तबकडी, पुढें कॅसेट आणि १९८२ पासून जगांत सीडी अशा क्रमानें साधनें आलीं. ह्या साऱ्यांत एक गोष्ट समान होती: पैसे मोजले कीं वस्तू आपल्या कपाटांत येई व ती मोडेपर्यंत आपलीच राही. आजची सेवा तशी नाहीं. येथें वर्गणी भरणारास एका प्रचंड ग्रंथालयांत शिरण्याची मुभा मिळते. ग्रंथ घरीं नेण्याची मिळत नाहीं. वर्गणी थांबली कीं दार बंद. हा भेद ध्यानांत ठेवल्यास पुढील निवड सोपी जाते.

आतां आवाजाच्या दर्जाकडे वळूं. मनुष्याच्या कानास सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचा स्वर ऐकूं येतो. तो अंकांत उतरवावयाचा तर त्याच्या दुपटीहून अधिक वेळां आवाजाचें माप घ्यावें लागतें. म्हणून सीडीवर दर सेकंदास ४४,१०० मापें घेतलेलीं असतात. प्रत्येक माप १६ बिटांचें, आणि डावा व उजवा असे दोन आवाज. गुणाकार केला असतां सेकंदास १४,११,२०० बिट, म्हणजे सुमारें १,४११ किलोबिट होतात. एवढा भार इंटरनेटवरून वाहून नेणें पूर्वीं फार जड जाई, यास्तव तो हलका करण्याच्या दोन रीति निघाल्या.

पहिली रीति घडी घालण्याची. धोतराची घडी करून तें पेटींत ठेवलें तर जागा कमी लागते, आणि उलगडलें कीं धोतर पूर्ववत् होतें. एक सूतही कमी होत नाहीं. हिला 'लॉसलेस' म्हणतात. फ्लॅक नांवाचा सर्वांस मोकळा असलेला लॉसलेस प्रकार २००१ सालीं प्रसिद्ध झाला. ॲपल कंपनीचा तशाच जातीचा स्वतंत्र प्रकार आहे. दुसरी रीति धान कांडण्याची. कांडल्यावर तांदूळ हातीं येतो, खाण्यास तो पुरतो, भारही हलका होतो. परंतु कोंडा उडून गेला तो गेला, त्या तांदळाचें पुन्हा धान होत नाहीं. एमपीथ्री, एएसी, व्हॉर्बिस हे सर्व ह्या दुसऱ्या जातीचे. कानास सहसा जाणवत नाहीं तो भाग काढून टाकावयाचा, हें त्यांचें तत्त्व होय. कांडणें हलक्या हाताचें असेल, म्हणजे सेकंदास ३२० किलोबिट ठेवले असतील, तर तांदूळ उत्तम निघतो. ९६ किलोबिटांवर आणला तर टाळांचा व तंबोऱ्याचा नाद पाणचट लागतो.

ह्या कसोटीवर भारतांत मिळणाऱ्या सेवा पाहूं. ॲपल म्युझिक २०१५ च्या जूनअखेर आपल्याकडे आलें, आणि २०२१ च्या जूनपासून त्यांनीं अधिक वर्गणी न घेतां लॉसलेस आवाज देण्यास आरंभ केला. स्वीडनमध्यें जन्मलेली स्पॉटिफाय ही सेवा भारतांत २०१९ च्या फेब्रुवारींत सुरू झाली. ती अनेक वर्षें फार तर ३२० किलोबिट देत असे. २०२५ च्या सप्टेंबरांत तिनें लॉसलेसची घोषणा केली. यूट्यूब म्युझिक येथें २०१९ च्या मार्चमध्यें आलें. त्याचा वरचा दर्जा २५६ किलोबिट एएसीचा. जिओसावन ३२० किलोबिटांपर्यंत ऐकवितें. वर्गण्यांचे आंकडे व त्यांच्या पायऱ्या वरचेवर बदलत असल्यानें ते येथें देत नाहीं. भरण्यापूर्वीं कोणत्या पायरीस कोणता दर्जा मिळतो तें अवश्य वाचावें. दुसरें असें कीं, वरच्या दर्जाचे पैसे भरूनही पुष्कळ घरीं तो प्रत्यक्षांत वाजतच नाहीं, कारण ॲपमधील दर्जाची कळ आपण स्वतः फिरवावी लागते. ती एकदां पाहावी.

परंतु हा भेद आपल्या कानास कळतो काय? ह्याचा निकाल वादानें न लावतां प्रयोगानें लावावा, असें आम्हांस वाटलें. एकानें पडद्याआड बसून नाणें उडवावें आणि त्याप्रमाणें तेंच गाणें कधीं लॉसलेस, कधीं ३२० किलोबिटांचें असें दहा वेळां लावावें. ऐकणारानें प्रत्येक वेळीं आपलें उत्तर कागदावर लिहावें. दोन्ही वेळां आवाजाची पातळी काटेकोर सारखी ठेवावी, कारण किंचित् मोठें वाजलेलें गाणें कानास नेहमींच चांगलें वाटतें, आणि पुष्कळ लोक ह्याच भुलाव्यांत फसतात. दहापैकीं नऊ किंवा दहा उत्तरें केवळ नशिबानें बरोबर येण्याचा संभव १,०२४ मध्यें ११, म्हणजे शेंकडा सुमारें एक इतका असतो. तेव्हां नऊ बरोबर आलीं तर खुशाल म्हणावें कीं आपणांस भेद कळतो. पांच-सहा आलीं तर तें नाणें उडविण्यासारखेंच झालें. आमच्या घरीं कोणाचींही नऊ आलीं नाहींत. बंधू थोडे हिरमुसले. परंतु त्याच संध्याकाळीं कोपऱ्यांत भिंतीस चिकटून ठेवलेले स्पीकर त्यांनीं हातभर पुढें ओढले, खालीं सतरंजी घातली, आणि डग्ग्याचा घुमारा एकदम मोकळा झाला. तो मात्र स्वयंपाकघरांतून वहिनींसही ओळखूं आला. यावरून आम्हीं हा बोध घेतला कीं, संचाची मांडणी हें प्रथम कार्य, आणि लॉसलेसचा आग्रह त्याच्या मागून.

सेवेपासून स्पीकरपर्यंत गाणें कोणत्या वाटेनें येतें ह्याचाही विचार करणें जरूर आहे. बहुतेक लोक फोनवर गाणें लावून ब्लूटूथनें संचाकडे पाठवितात. ब्लूटूथची रीति बहुधा कांडण्याचीच असल्यामुळें आधीं कांडलेलें धान पुन्हा एकदां उखळांत जातें, आणि लॉसलेससाठीं भरलेली वर्गणी वाटेंतच सांडते. ह्याहून बरा मार्ग असा कीं, संचास इंटरनेटशीं जोडणारें यंत्र असावें व त्यानें गाणें थेट सेवेच्या भांडारांतून ओढून घ्यावें. फोन मग केवळ हुकूम देण्यापुरता उरतो, आणि मध्येंच कोणाचा फोन आला तरी गाणें थांबत नाहीं. स्पॉटिफाय कनेक्ट व क्रोमकास्ट ह्यांची योजना ह्याच प्रकारची आहे. आपल्या यंत्रास कोणत्या सेवा ठाऊक आहेत हें आधीं पाहून मगच वर्गणी भरावी. नाहींतर एकीचें कुलूप व दुसरीची किल्ली असा प्रकार होतो. एवढें यंत्र परवडत नसेल तर फोनपासून संचापर्यंत साधी तार जोडावी. अंकांचा पुन्हा आवाज करणारी 'डॅक' नांवाची लहानशी डबी मध्यें घातल्यास फारच उत्तम.

येथवर सांगितलें तें पुण्या-मुंबईच्या वाचकासही लागू आहे. आमच्या जिल्ह्यांची गोष्ट येथून वेगळी होते, आणि तिचें नांव रेंज. चंद्रपूर, बल्लारपूर, वडसा अशा गांवीं रेंज बरी असते. परंतु जंगलांत शिरलें कीं ती झाडावरच्या माकडासारखी येते-जाते. पावसाळ्यांत पर्लकोटेस पूर येऊन भामरागडचा संपर्क अनेक वेळां तुटला आहे. अशा ठिकाणीं सेवेचा दर्जा विचारण्याआधीं हिशेब मांडावा. ३२० किलोबिटांनीं तासभर ऐकल्यास सुमारें १४४ मेगाबाइट खर्च होतात. सीडीच्या दर्जाचें लॉसलेस घडी घातल्यावरही तासास साडेतीनशें-चारशें मेगाबाइट घेतें. दिवसास दीड गिगाबाइटचा रिचार्ज असेल तर पहिल्या रीतीनें दहा तास गाणें होतें, दुसऱ्या रीतीनें चार तासांत डबा रिकामा. त्याहून वरचा, २४ बिट व १९२ हजार मापांचा दर्जा लावला तर तेवढा डेटा एक तासही पुरणें कठीण. म्हणून वायफायची तार घरीं आली नसेल त्यांनीं वरच्या दर्जाच्या मागें लागूं नये, हेंच शहाणपणाचें.

ह्यावर उपाय म्हणजे, रेंज असेल तेथें गाणीं उतरवून ठेवावीं व मागून निवांत ऐकावीं. वर्गणीदारांस ही सोय बहुतेक सेवा देतात. मात्र उतरविलेलें गाणें ॲपच्या कुलपांतच राहतें. तें काढून दुसऱ्या यंत्रांत घालतां येत नाहीं. शिवाय स्पॉटिफायसारख्या सेवेंत तीस दिवसांतून एकदां तरी इंटरनेटशीं गांठ घालून द्यावी लागते, नाहींतर उतरविलेलीं गाणींही मुकीं होतात. नदीपलीकडच्या गांवास पावसाळ्यांत ही अट अडचणीची ठरूं शकते. ज्यांस ही यातायात नको त्यांच्यासाठीं गाणीं आधींच भरून आलेलीं यंत्रेंही निघालीं आहेत. सारेगामा कंपनीचें २०१७ सालीं आलेलें कारवान हें त्यांपैकीं प्रसिद्ध. त्यास रेंज लागत नाहीं, आणि वृद्धांस तें हाताळणें सोपें जातें.

यानंतरचा प्रश्न भांडारांत काय आहे हा. सर्वच सेवा आपल्याकडे कोट्यवधि गाणीं असल्याचें सांगतात. परंतु आपणांस हवीं तीं वीस-पंचवीस त्यांत नसतील तर त्या कोटींचा उपयोग काय? म्हणून घरांतील प्रत्येकाकडून पांच-पांच गाण्यांची यादी करवून घ्यावी व ती प्रत्येक सेवेंत शोधून पाहावी. जाहिराती सोसल्यास कांहीं सेवा फुकट ऐकतां येतात, आणि कांहीं सेवा थोडे दिवस फुकट वापरूं देतात. त्या मुदतींत हें काम होतें. एक चांगली मराठी कसोटी सांगतों. गदिमा व सुधीर फडके ह्यांचें गीतरामायण १९५५-५६ सालीं पुणें आकाशवाणीवरून प्रथम प्रसारित झालें. त्यांत एकंदर ५६ गीतें आहेत. तीं सर्व आहेत काय, क्रमानें लागतात काय, मूळ मुद्रण कोणतें व मागून दुसऱ्यांनीं गाइलेलें कोणतें हें स्पष्ट कळतें काय, एवढें पाहिलें तरी त्या सेवेची मराठीविषयींची आस्था ध्यानांत येते. तसेंच एकच गायकाचें नांव रोमन लिपींत तीन तऱ्हांनीं लिहिलेलें आढळतें, म्हणून देवनागरींत टाइप करूनही शोध घ्यावा. रागाच्या नांवानें शोधून गायक, राग व ताल हीं तिन्ही नोंदलेलीं मिळतात कीं नाहीं, हें शास्त्रीय संगीताच्या रसिकांनीं पाहावें.

ह्या यादीचें काम चाललें असतां आम्हांस आजोबांचा प्रश्न आठवला. झाडीपट्टीचीं नाट्यगीतें, दंडार, रेला हीं आम्हीं सगळीकडे शोधिलीं. ज्या सेवांचा आवाज उंची, त्यांत हीं गाणीं फारच थोडीं निघालीं. यूट्यूबवर मात्र कोणीतरी मांडवांत बसून फोननें टिपलेलीं पुष्कळ दिसलीं, कारण तेथें कोणासही आपलें चित्रमुद्रण चढवितां येतें; बाकीच्या सेवांत तें कंपनीच्या वा वितरकाच्या हातून यावें लागतें. आवाज खरखरीत, मध्येंच पोरांचा गलका. परंतु गाणें आपलें. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे ह्यांस २०२३ सालीं पद्मश्री मिळाली, तेव्हां ह्या रंगभूमीचें नांव दिल्लीस पोंचलें. परंतु तिचें गाणें गोदामांत नीट पोंचावयाचें अद्याप पुष्कळ राहिलें आहे. आजोबांचें गाणें आम्हांस कोठेंच मिळालें नाहीं.

शेवटचा मुद्दा टिकाऊपणाचा. २०२४ च्या जानेवारींत रेसो ही सेवा भारतांत बंद पडली, आणि त्याच वर्षीं विंक ह्या मोठ्या सेवेनेंही गाशा गुंडाळला. ज्यांनीं तेथें वर्षानुवर्षें याद्या जमविल्या होत्या त्यांस नवें घर शोधावें लागलें. सेवा चालू असतांही करार संपला कीं एखादें गाणें रातोरात नाहींसें होतें. आमच्या एका यादींतील सात-आठ गाणीं अशींच एका सकाळीं करड्या अक्षरांत दिसलीं व पुन्हा वाजलीं नाहींत. म्हणून आम्ही असें सुचवितों कीं, भाड्याचें गाणें भाड्याचेंच समजावें, आणि जीं पन्नास-शंभर गाणीं आपणांस जन्मभर हवींत तीं सीडीवरून किंवा रीतसर विकत घेऊन फ्लॅकमध्यें आपल्या डबींत ठेवावींत. एका डबींत न ठेवतां दोन डब्यांत ठेवावींत, कारण यंत्र केव्हां दगा देईल याचा नेम नसतो.

आमच्या घरचा निर्णय असा झाला. तार घालून आणलेलें वायफाय असल्यामुळें लॉसलेस देणारी एक सेवा कुटुंबाच्या वर्गणीनें घेतली. अशा वर्गणींत ॲपलकडे सहा जणांपर्यंत सोय होते, त्यामुळें प्रत्येकाची यादी निराळी राहते. यूट्यूब फुकटच्या जाहिराती सोसून झाडीपट्टीसाठीं ठेविलें. गांवच्या घरीं मात्र रेंज धड नसल्यानें कांहीं वर्गणी भरली नाहीं. तेथें पेनड्राइव्ह व जुना स्पीकर पुरेसा आहे.

राहिलें आजोबांचें गाणें. त्यांच्या दंडारींतील गडी आतां दोनच उरले आहेत. दिवाळीच्या सुटींत आम्ही गांवीं गेलों, दोघांस ओट्यावर बसविलें, पंखा बंद केला, फोन त्यांच्यापासून हातभर अंतरावर उशीवर ठेविला, आणि आवाज न कांडतां पूर्ण साठविणारा प्रकार निवडून मुद्रण केलें. एकाचा श्वास मध्येंच तुटे तेव्हां दुसरा ओळ उचलून धरी. चंद्रपुरास परत आल्यावर तें त्या मोठ्या संचावर लाविलें. आजोबा प्रथम कांहीं बोलले नाहींत, मग म्हणाले, "हा तिसरा कडवा रायलाच ना गा." पुढच्या खेपेस तोही टिपून घेतला.

विद्यार्थिमित्रहो, कोणती सेवा घ्यावी ह्याचें उत्तर प्रत्येक घरीं निराळें येईल. वर सांगितलेल्या पायऱ्यांनीं गेल्यास तें तुमचें तुम्हांस सांपडेल. परंतु ह्या सुटींत आणखी एक काम करावें. आपल्या आजी-आजोबांस जें गाणें येतें आणि जें कोणत्याही भांडारांत सांपडत नाहीं, तें त्यांची परवानगी घेऊन टिपावें; गाणाराचें नांव, गांव, तारीख व गाण्याचा प्रसंग वहींत लिहून ठेवावा. चित्रपटगीतें सांभाळण्यास मोठमोठ्या कंपन्या आहेत. हीं गाणीं सांभाळण्यास आपणांवांचून दुसरें कोणी नाहीं, आणि गाणारांचीं वयें पाहतां ह्या कामास फार सवड उरलेली नाहीं.